आधी खाच पाहायची

फळीचं एक टोक पिंटूनं धरलं होतं, दुसरं रुपराव बोंदऱ्यांनी, तेवढ्यात आरा मशीन घरघरत बंद पडली आणि गादीवरून मालक ओरडला, "नत्थूभाऊले हाक मारा रे कोणी."

रुपरावांच्या हातातलं टोक झुकलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांना एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. त्या पत्राखाली हेच नाव होतं आणि नावाखाली पत्ता: मिस्त्री, आरा मशीन, लकडगंज.

"सर, वर धरा. पायावर पडन ना," पिंटू म्हणाला.

पिंटू त्यांचा सुतार. पुस्तकांच्या नव्या कपाटासाठी सागाच्या फळ्या तुम्ही स्वतः पाहून घ्या, असा त्याचाच हट्ट होता. मागची दोन कपाटं रुपरावांनी प्लायवूडची करून घेतली होती. साग फार जड होतो, असं तेव्हा घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे प्लायवूड दुसऱ्या बाजारात मिळत होतं आणि त्यासाठी लकडगंजात यावं लागत नव्हतं.

"आपण उद्या येऊ या का?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटांचं काम हाय जी. नत्थूभाऊ आला का मशीन चालू. बसा तुम्ही ओंडक्यावर."

रुपराव बसले.

नत्थूभाऊ आले. साठी उलटलेला बुटका माणूस, हाताची बोटं मात्र लांब. खांद्याला कॅनव्हासची पिशवी. त्यांनी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि भिंतीवरच्या स्टार्टरसमोर स्टूल ओढून घेतलं.

"फ्यूज खिशात काहून ठेवता भाऊ? चोरीले जाते काय?" एका हमालानं विचारलं.

"माझा जीव हाय तो. मी आत हात घातला आन तुले पंख्याची हवा आठवली तं?"

हमाल हसला आणि मेन स्विचपासून दोन पावलं लांब जाऊन बसला.

स्टार्टरच्या आत एक तार जळली होती. तिचा पितळी स्क्रू काढायचा होता. नत्थूभाऊंनी फुंकर मारून भुसा उडवला, स्क्रूच्या खाचेतली घाण खिळ्यानं कोरून काढली आणि चष्मा चढवून आत पाहिलं. मग पिशवीतून एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढून त्याचं टोक खाचेत ठेवलं. फिरवलं नाही, नुसतं इकडून तिकडे हलवून पाहिलं. टोक डुललं. तो त्यांनी परत ठेवला. दुसरा काढला. हा रुंदीला कमी होता, पण टोकाला जाड. खाचेच्या तळाशी जाऊन बसला. तळहातानं दाबून त्यांनी पीळ दिला. स्क्रू निघाला. त्याच्या डोक्यावर ओरखडादेखील नव्हता.

रुपरावांनी मान फिरवली. हे सगळं त्यांनी एकदा जवळून पाहिलं होतं आणि त्याला शून्य मार्क दिले होते.

एका खासगी आयटीआयमध्ये ते निदेशक होते, इलेक्ट्रिशियनच्या मुलांना थिअरी शिकवत. हातानं काम करण्याची त्यांना पहिल्यापासून धास्ती. वर्कशॉपच्या उंबऱ्यापर्यंत जायचे आणि तिथूनच परतायचे. वाचायचे मात्र खूप. वाचून स्वतः नोट्स काढायचे, आणि त्या नोट्सवर सगळी संस्था चालायची. स्क्रूड्रायव्हरची निवड या भागात मूळ पुस्तकात दोन गोष्टी दिल्या होत्या. टोकाची रुंदी स्क्रूच्या खाचेला पुरेल इतकी असावी, आणि टोकाची जाडी अशी असावी की ते खाचेत घट्ट बसेल. नोट्स लिहिताना पान संपत आलं होतं. दुसरी गोष्ट त्यांनी सोडून दिली. पुढे प्रात्यक्षिक परीक्षेची उत्तरंही त्याच पानावरून ठरत गेली.

त्या वर्षीच्या परीक्षेला वर्कशॉपबाहेर टेबलावर आठ स्क्रूड्रायव्हर मांडले होते आणि परीक्षक रुपरावच होते. पितळी स्क्रूसाठी उत्तर होतं आठ मिलिमीटरचा. दीक्षा नावाच्या मुलीनं सहाचा उचलला.

"हा का?" त्यांनी विचारलं होतं.

"सर, आठवाल्याचं टोक घासून पातळ झालं. डुलते तो. हा तळाशी बसते. माझे बाबा म्हणतात, आधी खाच पाहायची, रुंदी मंग."

मागे उभी असलेली दोन मुलं हसली. ती आपल्यालाच हसली असं रुपरावांना वाटलं. त्यांनी शून्य लिहिलं. दीक्षा तीन मार्कांनी नापास झाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ते वर्कशॉपमध्ये शिरले. दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो पितळी स्क्रू स्वतः फिरवून पाहिला. आठचा घसरला, पितळ सोलून गेला आणि तळहाताला लागला. सहाचा बसला आणि फिरला. मार्कांचा कागद अजून त्यांच्याच खणात होता. सकाळी त्यांनी तो होता तसा ऑफिसात दिला. हाताचं घरी विचारलं तेव्हा बसच्या दांड्यानं खरचटलं म्हणाले.

महिन्याभरानं पत्र आलं. मिस्त्रीचं अक्षर मोठं होतं, चारच ओळी होत्या. जयभीम. माझ्या मुलीनं मी शिकवला तसा पेचकस निवडला. मार्कासाठी लिहीत नाही. माझं चूक असेल तर तसं कळवावं, म्हणजे मी पुढे कोणाला चुकीचं शिकवणार नाही.

"नत्थूभाऊ, आवरा लवकर," पिंटू ओरडत होता. "आमचे सर ताटकळले. बोंदरे सर. आयटीआयचे मास्तर होते, तुमच्याच लाइनीचे."

नत्थूभाऊंचा हात थांबला. ते स्टुलावरून उठले आणि चिंधीला बोटं पुसत ओंडक्यापाशी आले.

"बोंदरे सर? दीक्षाचे सर?"

रुपराव उभे राहिले. "हो."

"मी दीक्षाचा बाप. मी तुम्हाले एक चिठ्ठी लिहिली होती."

"हो. मिळाली होती."

"तवा मले राग आला होता जी. पोरगी रडून राहिली होती, आन मी रागात लिहून टाकलं. मंग वाट पाह्यली. महिना गेला, दोन महिने गेले. बायको म्हणे, सर कामात असतीन." नत्थूभाऊंनी मागे वळून पाहिलं, हमाल ऐकत नाहीत ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "मंग माझ्याच ध्यानात आलं. तुम्ही लिहिलं असतं का बा तुझं चुकीचं हाय, तं घरात पोरीसमोर माझी काय राह्यली असती? तुम्ही तसं केलं नाही. चूप राह्यले. त्याले मन मोठं लागते. कधी भेटले तं सांगीन म्हणत होतो."

रुपरावांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं; गेल्या अकरा वर्षांत ते त्यांनी कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं.

"दीक्षा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"मजेत हाय. सहा महिन्यांनी पास झाली. आता रामदासपेठेत एका दवाखान्यात जनरेटर आन लिफ्ट सांभाळते. शिवाय रविवारी कुही गावाले जाते. तिथं बायांचा वर्ग घेते, मोटारपंप दुरुस्तीचा." नत्थूभाऊ हसले. "पंधरा बाया हायेत. धानाचा चिखल पायाले तसाच, आन हातात टेस्टर."

"छान."

"आता माह्या मागं लागली. म्हणते, बाबा, येत्या रविवारी तुम्ही चला, अवजारं तुम्ही शिकवा. मी नाही म्हटलं."

"का?"

नत्थूभाऊंना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "आता तुम्हीच इचारता काय सर? माझा हात माह्यापुरता ठीक हाय. वळण पडलं, पोट चाललं. दुसऱ्याले कसं शिकवू? तवापासून कोणालेच शिकवलं नाही मी. त्या बायांची बी परीक्षा हाय. माह्या पायी नापास झाल्या तं?"

मालकानं गादीवरून विचारलं, "नत्थूभाऊ, झालं काय?"

"झालं, झालं. तार तेवढी लावतो." ते वळले आणि पुन्हा थांबले. "सर, एक काम करान काय? तिले तुम्ही सांगजा, बापाले नेऊ नको म्हणून. माझं ऐकत नाही ते. म्हणते, बाबा, तुमचं तवाबी बरोबर होतं. बापाची बाजू घेते, दुसरं काय. तुमचं ऐकन. नंबर देतो तिचा."

रुपरावांनी खिशातली वही काढली. नत्थूभाऊ एकेक आकडा सांगत गेले, रुपराव लिहीत गेले आणि शेवटी त्यांनी सगळा नंबर परत वाचूनही दाखवला.

"बरं," ते म्हणाले. "सांगतो."

घरी येईपर्यंत त्यांनी वही दोनदा उघडली आणि मिटली. त्यांच्या पत्नी जिजाबाई अंगणात गहू निवडत बसल्या होत्या.

"फळ्या पाह्यल्या?"

"पाहिल्या."

"किडक्या निघाल्या काय? तोंड असं काहून?"

ते आतल्या खोलीत गेले आणि लिहायला बसले. सदर प्रात्यक्षिक परीक्षेतील मूल्यमापनाच्या निकषांत काही त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशी सुरुवात झाली. मग टोकांच्या मापांबद्दल निरनिराळ्या पुस्तकांत काय म्हटलं आहे ते आलं. त्या काळी संस्थेत अवजारं किती जुनी होती तेही आलं. तिसरं पान भरत आलं तेव्हा जिजाबाई चहा घेऊन आल्या आणि कागदाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"हे त्या नत्थूले काय?"

रुपरावांनी पेन खाली ठेवलं. "तुला कसं माहीत?"

"तुमच्या जाड्या पुस्तकात त्याची चिठ्ठी हाय. दर दिवाळीले ते पुस्तक मीच झाडते नं." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "त्यानं तं चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही तीन पानं काहून लिहून राहिले? लपासाठी जागा लागते काय इतकी?"

त्या गव्हाकडे परत गेल्या. रुपरावांनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी तिन्ही पानं फाडली आणि कोरा कागद घेतला.

नत्थूभाऊ यांस नमस्कार. तुमचं बरोबर होतं. दीक्षानं योग्य पेचकस उचलला होता. चूक माझ्या नोट्समध्ये होती.

इथे त्यांनी पूर्णविराम दिला. पत्र पुरं झालं होतं. यात खोटं काही नव्हतं. सहीपुरती जागा सोडून त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि वाचता वाचता त्यांना नत्थूभाऊ दिसले, हा कागद चष्म्यापुढे धरलेले. सरांनी आज माझा हात पाहिला, त्यांना आज समजलं, आणि त्यांनी लगेच कळवलं, असं ते घरात सांगतील. मन मोठं लागते त्याले, असंही म्हणतील.

रुपराव उठून खिडकीपाशी गेले. परत येऊन बसले. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सहीसाठी सोडलेल्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं:

हे मला परीक्षेच्या दिवशी संध्याकाळीच कळलं होतं. मार्कांचा कागद तेव्हा माझ्याच खणात होता. मी तो तसाच दिला. गप्प राहिलो ते तुमची लाज राखण्यासाठी नाही, माझी राखण्यासाठी. दीक्षाला मी फोन करणार नाही. हे पत्र तिला दाखवा आणि रविवारी कुहीला जा.

सही कागदाच्या अगदी काठावर गेली.

शुक्रवारी सकाळी पोस्टात तीनच माणसं होती. खिडकीमागच्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं आणि पत्ता वाचला.

"लकडगंज? गावातल्या गावात स्पीड पोस्ट? फोन करून द्या नं आजोबा."

"फोनवर माझ्याच्यानं होणार नाही," रुपराव म्हणाले. "रविवारच्या आत पोहोचेल?"

"उद्या दुपारपर्यंत." तिनं पाकीट उलटलं आणि खिडकीतून परत सरकवलं. "मागं तुमचं नाव नाही."

रुपरावांनी पाकिटाची मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. विसरलो होतो की मुद्दाम सोडली होती, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"टाकावंच लागतं का?"

"नाव नसलं तं आम्ही घेत नाही जी."

त्यांनी उभ्या उभ्याच पाकीट भिंतीला टेकवलं. रुपराव बोंदरे, एवढं लिहिलं. पुढे हातानं सवयीनं 'निवृत्त निदे' इतकी अक्षरं काढली होती, ती त्यांनी खोडली आणि खाली घराचा नंबर आणि गल्ली लिहिली. मुलीनं खोडलेल्या जागेवरच बारकोडची पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

"पुढचे कोण?" तिनं विचारलं.