हळदीचा दोरा

पंकजाने तुम्हाला सांगितलं होतं, डॉक्टरसाहेब. घरची भाषा मराठी, तरी तुमच्या टेबलासमोर उभं राहून, तुमच्या स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत. आता ऐकलंच नाही म्हणू नका.

पंकजा आईला तयार करायला काही कमी खपली नव्हती. तिची आई वेंकटलक्ष्मी घरातल्या घरात वाट चुकू लागली, रिकामं पातेलं चुलीवर ठेवून भात झाला म्हणू लागली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, आमच्या नव्या सेंटरात डोक्याचा स्कॅन काढू. हलायचं नाही, डोक्यागळ्यात धातू नको. मग पंकजा रोज दुपारी आईला बाकावर निजवायची, डोक्याच्या दोन्ही अंगांना उशा लावायची आणि शेजारी इडलीचं पीठ वाटायचं यंत्र चालू करायची. घरघरीची सवय व्हावी म्हणून.

"स्कॅनला नेत्येस की पिठात घालत्येस तिला?" तिचे वडील व्यासराजअप्पा विचारायचे.

"अप्पा, तुम्ही तिचा हात धरा. बडबडू नका."

नाकातली बेसर तेल सोडसोडून निघाली. कुड्याही निघाल्या. मंगळसूत्राला हात लागला मात्र, आईने पंकजाच्या मनगटात नखं रुतवली. "ते आहेत ना? मग काढतेस कशाला?" नवऱ्याचं नाव गेलं होतं, लेकीचं गेलं होतं, नवरा आहे, एवढं मात्र राहिलं होतं. तेव्हा पंकजाने घरची रीत पाळली. हळदीत भिजवलेला दोरा, त्यात हळकुंड, अप्पांच्या हातून आईच्या गळ्यात बांधवला, आणि मगच मंगळसूत्र उतरवलं. आईने ते उतरवू दिलं. दोऱ्यात धातूचा कण नव्हता. हेच तुम्हाला सांगितलं होतं.

सेंटरात पंकजाला बाहेर उभं केलं. दाराच्या काचेतून दिसत होतं. दोऱ्यापाशी नर्सचा हात थबकला. तिच्याही गळ्यात तसलाच पिवळा दोरा होता. तिने आत विचारलं. तुमचा आवाज दाराबाहेर ऐकू आला. "गळ्यात काही नको म्हणजे नको. कापा. रांग लागलीय."

नर्सने कापला.

आई ओरडली नाही. तळव्याने तिने कपाळावरचं कुंकू पुसलं आणि अशी निपचित पडली, की फोटो पहिल्याच खेपेला स्वच्छ आला. तुम्ही खूश.

जेवली की नाही ते तिला आठवत नाही, पण नवरा गेला हे ती विसरत नाही. डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसते. अप्पा दिसले की पंकजाला म्हणते, "हे परके गृहस्थ कां येतात? घरांत मयत झालंय, सांग त्यांस." अप्पांनी पुन्हा दोरा बांधून पाहिला. परका पुरुष गळ्याशी येतो म्हणून तिने आळी गोळा केली. तेव्हापासून अप्पा ओट्यावर जेवतात आणि स्वतःच्या घराचं दार वाजवून आत येतात.

रिपोर्ट घ्यायला पंकजा त्यांना सोबत घेऊन आली.

"मेंदू आक्रसलाय. वयाने होतंच," तुम्ही म्हणालात. "दोऱ्याचं काय घेऊन बसलात?"

पंकजाने खुर्ची ओढली आणि अप्पांना तुमच्या अगदी समोर बसवलं.

"हे माझे वडील. तुमच्या कात्रीने गेले. आता आमच्या घरी चला आणि आईला पटवून द्या, की हे जिवंत आहेत. ते जमत नसेल तर यांना सांगा, आजपासून यांनी कुणाच्या घरी जेवायचं. कागदात बघू नका, डॉक्टर. यांच्याकडे बघा आणि बोला."