उभ्या बोटींच्या ओळी

थळ गावात मच्छीमार बोटींच्या सोसायटीच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे सकाळी मुलांना शिकवतो. नववीतली मानसी सगळ्यांच्या आधी येते, कारण तिच्याकडे रोजचं एक काम आहे. प्रत्येक बोटीवरचं यंत्र थोड्या थोड्या वेळाने एक ओळ पाठवतं. तिच्यात वेळ, बोटीचं नाव, जागा आणि वेग असतो. सगळ्या बोटींची मिळून भलीमोठी फाइल होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी खाडीत नुसत्या बांधून ठेवलेल्या बोटींच्या असतात.

म्हणून मी मानसीला ग्रेप हे कमांडने चालणारं साधन शिकवलं. ग्रेप सांगितलेल्या शब्दाच्या ओळी शोधून देतं. पण पुढे आडवी रेघ आणि व्ही लिहिलं, की नेमक्या त्याच ओळी वगळून बाकीच्या देतं. सुक्या जवळ्यातला केर काढतो तसं, असं मी तिला सांगितलं होतं. ‘वेग ०’च्या ओळी वगळून उरलेल्या ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि सोसायटीचा सेक्रेटरी सुजित तेवढीच फाइल बघायचा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, एवढं मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

तिचा बाप हिरामण ‘दर्याफूल’ बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. तो तिला चिडवायचा, “मी बंदराला लागलो का तुझ्या केरात जातो व्हय गो?”

त्या दिवशी दर्याफूल परत आली नव्हती. आदल्या संध्याकाळीच यायला हवी होती, फोनही लागत नव्हता. पहाटे मानसीने नेहमीसारखी फाइल गाळली आणि तिच्यात दर्याफूलची शेवटची ओळ शोधली. ती आदल्या संध्याकाळची होती, खांदेरी बेटाच्या पश्चिमेची. गावातल्या बोटी तिकडे धावल्या. सकाळी वायरलेसवर निरोप आला की तिथे काहीच नाही. बोट नाही, जाळं नाही, फळीसुद्धा नाही.

सुजितने वायरलेसचा आवाज कमी केला. तरी पायरीवर बसलेल्या जनीला, मानसीच्या आईला, सगळं ऐकू गेलं होतं. यंत्राच्या ओळी बंद झाल्या म्हणजे यंत्र पाण्याखाली गेलं, हेच तिथे सगळ्यांच्या मनात आलं.

मानसी पडद्याकडे नुसती बघत होती. मी तिच्याशेजारी स्टूल ओढून बसलो आणि तिला बाबांच्या शेवटच्या ओळींतले वेग वाचायला सांगितले.

“सात. चार. दोन. एक.”

“एकनंतर काय येतं?”

ती माझ्याकडे वळली.

“सर, मी काढून टाकलं,” ती म्हणाली. “बाबांना मीच काढून टाकलं.”

घाईत तिची कमांड दोनदा चुकली. शेवटी तिने मूळ फाइल घेतली आणि फक्त दर्याफूल शोधली. पडदा भरून ओळी आल्या. वेग ०, वेग ०, वेग ०. जागेचे आकडे मात्र प्रत्येक ओळीत बदलत होते. यंत्र वेगाचा पूर्णांकच लिहितं, एकाहून कमी वेगाला शून्य. इंजिन बंद पडलेली बोट पाण्याबरोबर संथ वाहत होती आणि यंत्राच्या लेखी ती उभी होती. सगळ्यात खालची ओळ आत्ताची होती, आक्षी गावच्या किनाऱ्यासमोरची.

सुजित खुर्चीतून उठला. मग वायरलेसकडे धावला आणि जागेचे आकडे ओरडून सांगू लागला.

जनी दारात आली होती. “म्हंजे त्यो हाय?” तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली, तेव्हा जनी चौकट धरून खाली बसली.

दुपारी दर्याफूलला दोरी लावून आणलं. हिरामण आणि खलाशी उन्हाने काळवंडले होते, पण धड होते. मानसी जेट्टीवर गेली नाही. बाप कचेरीत आला तरी ती भिंतीला टेकून उभीच होती. काय झालं ते मी त्याला सांगितलं. त्याने या वेळी थट्टा केली नाही. तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. तिने कमांड लिहिली, पण व्ही न लिहिता. उभ्या बोटींच्या ओळी पडद्यावर आल्या. पडद्याला बोट लावून ती एकेक ओळ वाचत गेली. दर्याफूलपाशी थांबली. वेग ०. दर्याफूलच्या आधीच्या ओळीतही तीच जागा, नंतरच्या ओळीतही. बोट खाडीत बांधलेली होती. तिने खिडकीतून एकदा खाडीकडे पाहिलं.

मग तिने व्ही लिहिलं.