दारावरची पाटी

बाबांनी दारावर ‘डॉक्टर’ अशी पितळी पाटी ठोकायला घेतली आणि पाटीच्याच कडेने स्वतःचा तळहात कापून घेतला. आता याला काय म्हणायचं! शेजारचे इस्त्रीवाले काका त्यांना धरून हॉस्पिटलच्या अपघात विभागात घेऊन आले, तेव्हा ड्युटीवर होती तडतडी. तडतडी म्हणजे बाबांची लेक. बोलायला लागली तेव्हापासून घरात तिचं हेच नाव.

ती डॉक्टर नव्हती, फिजिशियन असिस्टंट होती. चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष वॉर्डावॉर्डांतून उभं राहून काढलेलं. पेशंटला तपासायचं, त्याचं सगळं रडगाणं ऐकून घ्यायचं, टाके घालायचे, प्लास्टर करायचं, आणि शंका आली की डॉक्टरांना विचारायचं. काम तिला मनापासून आवडायचं. बाबांच्या मात्र ते घशाखाली उतरत नव्हतं. ते जन्मभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते. पुड्या बांधल्या, सुया उकळल्या, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. लेक तरी खुर्चीत बसेल या आशेवर होते, आणि ही बया पुन्हा खुर्चीच्या बाजूलाच उभी! मग त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं की पोरगी डॉक्टर आहे. स्वतःबद्दल कोणी विचारलं तर, औषधांच्या लाइनीत होतो, एवढंच म्हणायचे. ती खोडून काढायची, की घरात अबोला ठरलेला.

तिला पाहून काकांच्या जिवात जीव आला. बरं झालं, घरचीच डॉक्टर भेटली, म्हणाले.

पेशंटला हात लावण्याआधी तडतडी एक वाक्य म्हणायची. समोर शेंबडं पोर असो की मोठा साहेब, वाक्य तेच. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांनी डोळ्यांनीच विनवलं, आजच्या दिवस गप्प बस. बापाची अब्रू काकांसमोर, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीसमोर जाणार होती. पण आज गिळलं तर उद्या ती पाटी दारावर लागेल आणि आपण तिच्याखालून मान खाली घालून ये-जा करत राहू, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ते तिला मुळीच मान्य नव्हतं.

“मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे,” ती ठणकावून म्हणाली. “टाके मी घालणार. चालेल ना?”

काका छताकडे बघू लागले. बाबांचा चेहरा उतरला.

“डॉक्टरांना बोलव,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या, वेळ लागणार होता. तुमचा हक्क आहे, थांबा, असं म्हणून तिने जखम दाबून घट्ट बांधली आणि त्यांना बाकावर बसवलं. हट्टाला हट्ट. लेक तरी कोणाची!

बाबा हात छातीशी धरून बघत राहिले. सायकलवरून पडलेल्या एका मुलीचा गुडघा तिने तेच वाक्य म्हणून धुतला. मग एका आजोबांची छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि सरळ ऑपरेशन थिएटरला फोन लावला. मला हे ठीक वाटत नाही, म्हणाली. पलीकडून दोन-चार प्रश्न आले, आणि आजोबांना लगेच वर न्यायला सांगितलं.

“डाफरल्या नाहीत?” बाबांनी हळूच विचारलं.

“कशाला डाफरतील? विचारणं हे माझं कामच आहे.”

बाबा बाकावरून उठून तिच्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, आमच्या दवाखान्यात तोंड उघडलं की, तुला कोणी विचारलं, एवढंच ऐकायला मिळायचं. आणि त्यांनी हात पुढे केला. तिने वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून. चालेल, म्हणाले.

शेवटचा टाका पडत होता तेव्हा काकांना राहवलं नाही. डॉक्टरांचा हात हलका आहे हो, ते म्हणाले. तडतडीने तोंड उघडलं, पण बाबांनी मोकळा हात वर करून तिला थांबवलं.

“कान फुटलेत का तुमचे? दोनदा सांगितलं तिने, ती डॉक्टर नाही,” ते काकांना म्हणाले. “आणि मी कंपाउंडर होतो. गल्लीत सांगणार असाल तर दोन्ही सांगा.”