खोडलेलं वाक्य

लुलवाने ‘इराक’ असं लिहिलेली पाटी मधल्या रांगेतून उचलली आणि पहिल्या रांगेत ‘कुवेत’च्या पाटीला लागून ठेवली. सभागृहात अजून खुर्च्यांवरची प्लास्टिकची आवरणं निघत होती. तिच्या हाताखालचा अधिकारी जरा घुटमळला. वर्णानुक्रम मोडतोय, उद्या कुणीतरी बोट ठेवील, असं त्याचं म्हणणं.

“ठेवू दे,” ती म्हणाली. “घर आपलं आहे. कुणाला शेजारी बसवायचं ते आपण ठरवायचं.”

परराष्ट्र खात्यात तिची हयात गेली होती, पण एवढं मोठं काम प्रथमच तिच्या अंगावर आलं होतं. दहशतवाद्यांशी झालेल्या लढाईनंतर इराकचं मोसुल अजून ढिगाऱ्याखाली होतं, बगदादचं सरकार कसंबसं पाय रोवू पाहत होतं, आणि त्या सरकारच्या पाठीशी उभं राहा म्हणून जगभरच्या देशांना बोलावणं धाडलं होतं कुवेतने. नव्वद साली ज्याच्यावर इराकचे रणगाडे चालून आले होते, त्याच कुवेतने. सकाळी बंद दाराआडच्या बैठकीत एका युरोपीय प्रतिनिधीने तिला सरळच विचारलं होतं, या लोकांचा भरवसा तुम्ही तरी धरता का? लुलवाने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

“नकार द्यायला आमच्याइतकं कारण या खोलीत दुसऱ्या कुणाकडे नाही,” ती म्हणाली होती. “तरी पहिला हात आमचा वर आहे. तुमचं तुम्ही ठरवा.”

बैठकीतून बाहेर पडताना तिची पाठ आपोआप ताठ झाली होती.

दुपारी बगदादच्या शिष्टमंडळाचे प्रमुख कहतान तिला भेटायला आले. पन्नाशी उलटलेले, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. संयुक्त निवेदनातलं एक वाक्य त्यांना नको होतं. नव्वद साली पकडून नेलेल्या कुवेती माणसांचा शोध इराक चालू ठेवील, एवढंच ते वाक्य. कहतानांनी आडपडदा ठेवला नाही. निवडणूक तोंडावर आली आहे, विरोधक टपून बसले आहेत. मदत मागायला गेले आणि कबुली देऊन आले, अशी ओरड होईल. शोध थांबणार नाही, फक्त या कागदावर ते वाक्य नको. हे सरकार कोसळलं तर शोध घ्यायलाही कुणी उरणार नाही, असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

कुवेतच्या मंत्र्यांनी निर्णय तिच्यावर सोपवला. लुलवाने निवेदनाचा मसुदा पुढे ओढला. मग तिने स्वतःच्या हाताने ते वाक्य खोडलं. त्या माणसांत आपले वडीलही आहेत, हे तिने कहतानांना सांगितलं नाही. सकाळच्या बैठकीतही सांगितलं नव्हतं. वडिलांचं नाव पुढे करून कुणाकडून काही मिळवायचं नाही, हे नोकरीला लागली तेव्हाच तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आईपासून मात्र तिने काही लपवलं नाही. गनीमा स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. खोडलेल्या वाक्याबद्दल ऐकताना तिचा हात पाण्यातच थांबला, पण ती लेकीला एका शब्दानेही बोलली नाही. तांदूळ निथळायला ठेवून तिने विचारलं, तो माणूस कसा आहे? सरळ वाटला, लुलवा म्हणाली.

“मग उद्या संध्याकाळी त्याला जेवायला घेऊन ये.”

ही बातमी बर्राककाकांना कशी लागली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. ज्यांनी माझ्या भावाला घरातून ओढून नेलं, त्यांना तू पापलेट वाढणार का वहिनी, असं ते इतक्या मोठ्याने विचारत होते की पलीकडे बसलेल्या लुलवालाही ऐकू आलं. गनीमाने त्यांचं बोलणं संपू दिलं.

“तुझ्या भावाला या माणसाने नेलं नाही, बर्राक,” ती म्हणाली. “जासिम असता तर दार त्यानेच उघडलं असतं. तुला यायचं नसेल तर नको येऊस.”

संध्याकाळी पाहुणा यायच्या आधी लुलवा बैठकीच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो नव्हता. घराला रंग दिला तेव्हाही गनीमाने तो हलवू दिला नव्हता. रंगाऱ्यांनी त्याच्या कडेकडेने रंग मारला होता. आता तिथे जुन्या पिवळ्या रंगाचा चौकोन तेवढा उरला होता.

“युम्मा, फोटो कुठाय?” तिने आईला विचारलं.

“आत ठेवलाय. माणूस जेवायला येतोय, मान खाली घालायला नाही.”

कहतान आले ते खजुराची पेटी घेऊन. गनीमाने त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव विचारून घेतलं आणि मग त्यांना अबू मैसम, म्हणजे मैसमचे बाबा, अशीच हाक मारू लागली. मसालेभातावर तळलेलं पापलेट आलं. तुमच्या नदीतला मासा चिखलात लोळतो, आमचा खाऊन बघा, असं ती म्हणाली. आमच्या माशाला चव त्या चिखलाचीच असते हज्जा, असं ते तिला वडीलधारीचा मान देत म्हणाले, आणि दोघंही हसली. लुलवाला आईचं हे हसू नवीन होतं.

मग कहतानांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“इथे कुणाचा फोटो होता?”

लुलवाने आईकडे पाहिलं.

“माझ्यासाठी काढला असेल तर आणा, हज्जा. तो तिथे नसेल तर मला जेवण जायचं नाही.”

गनीमा उठून आत गेली. तिने फोटो आणला तेव्हा कहतान हात धुऊन उभे होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. गनीमा सांगू लागली, आवाज जराही न चढवता. जासिम समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. सैन्य आलं तेव्हा सगळे म्हणाले, पळ. तो म्हणाला, शहराला पाणी कोण देईल? नेला त्या दिवसापर्यंत त्याने पंप बंद पडू दिले नाहीत.

“ते पाणी तुमचे शिपाईसुद्धा प्याले,” ती म्हणाली. तिची हनुवटी वर होती.

कहतानांनी लुलवाकडे पाहिलं.

“आणि ते वाक्य तुम्ही खोडलंत.”

“ते माझं काम होतं,” लुलवा म्हणाली. “तुमचं सरकार टिकायला हवं. ते मला अजूनही वाटतं.”

त्यांनी मान हलवली, फोटो स्वतःच खिळ्याला लावला आणि तो सरळ आहे का ते मागे सरकून पाहिलं.

“बसा, अबू मैसम,” गनीमा म्हणाली. “भात निवतोय.”

शेवटच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. कुवेतने सर्वांत आधी पाठिंबा जाहीर केला, आणि मग हात वर होत गेले. त्यात तो युरोपीय प्रतिनिधीही होता. सगळ्यांत शेवटी कहतान उठले. छापील निवेदन त्यांनी संथपणे वाचून दाखवलं, आभार मानले आणि कागद मिटला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण ते खाली बसले नाहीत.

“एक गोष्ट या कागदावर नाही,” ते म्हणाले. “नव्वद साली कुवेतची जी माणसं आमच्याकडे नेली गेली, त्यांना शोधून त्यांच्या घरी पोचवणं हे माझ्या सरकारचं देणं आहे. कुणी मागितलं म्हणून नव्हे.”

शेजारच्या सचिवाने त्यांची बाही ओढली. त्यांनी हात सोडवून घेतला.

काचेमागचे दुभाषे गप्प झाले होते. त्यांच्या पुढ्यातल्या मजकुरात यातलं काहीच नव्हतं, आणि मजकुराबाहेरचं काही आलं तर लुलवाला विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा तिचाच हुकूम होता. कानाला यंत्रं लावून बसलेले परदेशी पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. काचेआडून तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

लुलवाने समोरचं, दुभाष्यांशी बोलायचं बटण दाबलं.

“जसं म्हणाले तसंच सांगा,” ती म्हणाली. “शब्दन् शब्द.”