मिस इनायात यांच्या वर्गातला तराजू

माझे डावे पारडे उजव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याइतके खाली राहते. मिस इनायात उजव्या पारड्याला मेणाचा ठिपका लावून फरक भरून काढतात. उन्हाळ्यात मेण वितळते आणि मी पुन्हा कलतो.

मित्रांनो, मी एक जुना पितळी तराजू आहे. इजिप्तमधल्या दमनहूर शहराच्या तांबट गल्लीत मला घडवले. मिसच्या वडिलांच्या मसाल्याच्या दुकानात मी जिरे, धणे, वाळवलेली जास्वंद तोलली. गिऱ्हाइके माझा काटा पाहून निश्चिंत होत. मग विजेवर चालणारे यंत्र आले आणि मी पोत्यांमागे गेलो. तिथे बरीच वर्षे पडून होतो.

तिथून मला मिसनी उचलले. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरी शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुले इंग्रजी शिकायला येतात. विरोध दाखवणारे दोन शब्दप्रयोग ती नेहमी एकमेकांच्या जागी लिहितात. म्हणून मिस माझ्या एका पारड्यात वजन ठेवतात. "घर बाजाराजवळ आहे." मग दुसऱ्यात ठेवतात. "ऑन द अदर हँड, गोंगाट फार आहे. दोन्ही खरं, दोन्ही राहू द्या." पुन्हा एक वजन ठेवतात. "लोक म्हणतात, घर शांत आहे." आणि ते उचलून बाजूला ठेवतात. "ऑन द कॉन्ट्ररी, इथे झोपच लागत नाही. म्हणजे आधीचं खोटं. ते काढायचं आणि खरं ठेवायचं."

मुलांना कळते, पण परीक्षेपर्यंत टिकत नाही. दरवर्षी नवी मुले, तीच चूक, तीच वजने. हल्ली मिस इतक्या थकतात की वर्ग संपल्यावर वजने पारड्यांतच राहतात. मित्रांनो, काम झाले की तराजू रिकामा करून ठेवत जा. विनाकारण भार वाहिला की दांडीचा टेकू झिजतो, आणि झिजलेले भरून येत नाही.

परवा दुपारी वर्ग चालू असतानाच मिसची मुलगी निहाल मन्सूराहून आली. आईने आपल्याकडे राहायला यावे म्हणून ती कधीपासून मागे लागली आहे.

"आई, या वर्षी तरी?"

"तुझ्याकडे आराम आहे गं. ऑन द अदर हँड, ही मुलं आहेत. परीक्षा होऊ दे, मग बघू."

"परीक्षा काय, दरवर्षीच असते."

मिस वर्गाकडे वळल्या. "रजब, ऑन द कॉन्ट्ररीचं वाक्य सांग."

"सांगतो मिस, पण रागवायचं नाही."

"चुकलास तर रागवेन."

रजब उभा राहिला. "मिस म्हणतात, जिना चढून त्या दमत नाहीत. ऑन द कॉन्ट्ररी, तिसऱ्या मजल्यावर त्या पिशवीत किल्ली शोधायचं नाटक करत उभ्या राहतात."

मुले हसली. शैमा तेवढी हसली नाही. "गप बस रे. माझ्या आजीचंही असंच व्हायचं," ती म्हणाली.

दारात उभी असलेली निहाल आईकडे पाहत राहिली. मिसनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा लावला नाही.

"वाक्य बरोबर आहे, रजब. बस." मग दाराकडे पाहून त्या हळू म्हणाल्या, "निहाल, या मुलांची परीक्षा झाली की मला न्यायला ये. पुढच्या वर्षी वर्ग नाही."