सामानाबरोबर घरचं माणूस

कचऱ्याचा कंटेनर मी मागवला. नवऱ्याला, शैलेंद्रला, विचारत बसले असते तर तो अजून आला नसता.

नेदरलँड्समधल्या टिलबर्गला आमच्या घरामागे हातभर बाग आणि बागेच्या टोकाला लाकडी शेड. ती शेड माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, छतापर्यंत भरली होती. सासूबाई गेल्यावर ते पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे आले. इथे लोक नको असलेलं सामान फुटपाथवर मांडून ठेवतात. गेमेंतेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी येईपर्यंत ज्याला हवं त्याने न्यावं. बाबांच्या लेखी हा गुन्हाच. "चांगली खुर्ची आहे गं, एक पाय तेवढा हलतोय," म्हणत ते घरी घेऊन यायचे. खुर्च्या, दिवे, घड्याळं, बाबागाड्या, कुणा मेलेल्या बाईचं शिवणयंत्र. आणायचे, दुरुस्त करायचे आणि रचून ठेवायचे. वापरायला कोण होतं?

सकाळी चहा उकळायला लागला की स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर दोनदा खाकरल्याचा आवाज यायचा. मग दार किलकिलं करून, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत ते विचारायचे, "सूनबाई, काही काम आहे का?"

"नाही हो बाबा, तुम्ही आराम करा."

मी हेच म्हणायचे, शैलेंद्रही हेच म्हणायचा. जन्मभर वर्कशॉपमध्ये राबलेला माणूस. म्हातारपणी मुलाकडे आला की त्याला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही, याला आपल्याकडे मान राखणं म्हणतात. ते "बरं" म्हणून शेडकडे वळायचे.

फेब्रुवारीत बाबा झोपेतच गेले. दहाव्याचा पिंड बागेत ठेवला. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते. कुंपणावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना.

"काही इच्छा राहिली होती का त्यांची?" गुरुजींनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कसली इच्छा राहणार? त्यांना इथे काहीसुद्धा करावं लागत नव्हतं. शेवटी थंडीने आमची बोटं वाकेनाशी झाली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवायला सांगितलं. तो शिवला आणि आम्ही आत आलो.

त्यानंतर शैलेंद्र शेडमध्ये बसायला लागला. वाटलं, बापाची आठवण येत असेल, बसू दे. मग बाबांचा कॉफी रंगाचा स्वेटर त्याच्या अंगात आला. मग तो चहा बशीत ओतून प्यायला लागला. हा तोच शैलेंद्र, ज्याने लग्नानंतर सगळ्या बशा "जागा अडवतात" म्हणून माळ्यावर टाकल्या होत्या! ऑफिसचे कॉल शेडमधून. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. आला तरी समोर बसलेला माणूस माझा वाटेना. एकदा मी त्याचा हात धरला, तर त्याने तो अदबीने सोडवून घेतला आणि थोडा सरकून बसला. परक्या बाईला चुकून हात लागला की भले लोक सरकतात, तसा.

त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन कंटेनर बुक केला. शेड रिकामी झाली की माझा नवरा मला परत मिळेल, एवढंच माझं गणित होतं.

कंटेनर सोमवारी आला. घरातलं, बागेतलं एकत्र टाकलेलं चालेल असा, भलाथोरला, दारासमोरच्या पार्किंगच्या जागेत. शुक्रवारी सकाळी उचलून नेणार होते. असतील शितं तर जमतील भुतं. तासाभरात शेजारची विल्मा हजर. "माझ्या चारच फांद्या आहेत, टाकू का?" त्या चार फांद्या म्हणजे अख्खं कुंपण निघालं. जाता जाता ती म्हणाली, "मीनल, तुमच्या शेडमधून करवतीचा आवाज येतो ना, बरं वाटतं. तुझे सासरेच आहेत असं वाटतं."

मी हसले. तिची पाठ वळताच मागचं दार लावून घेतलं.

शैलेंद्रला नुसतं "बाग साफ करतेय" एवढंच सांगितलं होतं. पण दिवसभर मी जे टाकायचे त्यातलं निम्मं संध्याकाळी शेडमध्ये झाडूनपुसून परत यायचं. मी चिडले, भांडले, घराण्याचा उद्धार केला. तो खाली मान घालून "बरं" म्हणायचा.

गुरुवारी त्याला रॉटरडॅमच्या ऑफिसला जाणं भाग होतं. मी रजा टाकली आणि पदर खोचला. ढकलगाडीच्या खेपा करून घड्याळं गेली, शिवणयंत्र गेलं, बाबांची हत्यारं, झाडं छाटायची मोठी कात्रीसुद्धा गेली. काटेरी वेली उपटून वर टाकल्या. शेवटी राहिली ती खुर्ची, एका पायाला नवीन लाकूड जोडलेली. बाबा त्याच खुर्चीत बसायचे, आता शैलेंद्र बसायचा. मी ती कंटेनरच्या पार मध्यावर नेऊन ठेवली, वर वेलींचा भारा टाकला आणि झाडू घेऊन शेडमध्ये आले.

खुर्ची शेडमध्ये होती. जागच्या जागी, तोंड दाराकडे. पाठीला वेलीचं एक ओलं पान चिकटलेलं.

मी तिथूनच शैलेंद्रला फोन लावला. "कुठे आहेस?"

"मेट्रोत. ऑफिसातून परत निघालोय, बेउर्स स्टेशनला उतरतोय. का गं?" मागे स्टेशनची घोषणा चालली होती.

राग भीतीपेक्षा मोठा होता. खुर्ची पुन्हा उचलली, कंटेनरमध्ये नेली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने कडेच्या कड्याला करकचून बांधली. "आता बघतेच," असं मोठ्याने म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी बाहेर दाट धुकं होतं. शैलेंद्र बिछान्यात नव्हता. मी चहा टाकला. उकळी आली आणि मागच्या दाराबाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं.

दार किलकिलं झालं. शैलेंद्रच होता. कॉफी रंगाचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तो म्हणाला, "सूनबाई, काही काम आहे का?"

थट्टा नव्हती. माझ्या नवऱ्याच्या तोंडातून तो आवाज येत होता आणि त्या डोळ्यांत मी कुठेच नव्हते. हातातली गाळणी खाली पडली. आणि तोंडातून सवयीने तेच निघून गेलं.

"नाही हो बाबा, तुम्ही आराम करा."

त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं हे उत्तर देताना माझं लक्ष चहाकडे असायचं. तो चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. शाळेत संघ निवडताना शेवटी उरलेल्या पोराचा असतो, तसा. "बरं," म्हणून तो रिकाम्या शेडकडे चालायला लागला.

तेवढ्यात पुढच्या रस्त्यावर लॉरी मागे घेतल्याचा टीं-टीं आवाज आला. शेडमध्ये आता काही नव्हतं. तिथे जाऊन तो कुठे बसणार होता? एकदा तो दारातून आत गेला, की बाहेर कोण येईल याची मला खात्री नव्हती.

आणि मला एकदम आठवलं, आम्ही कोथरूडहून बाणेरला घर हलवलं तेव्हाचं. टेम्पो भरून झाला, सगळे रिक्षा शोधायला लागले, आणि बाबा मात्र उडी मारून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. म्हणाले होते, सामानाबरोबर घरचं माणूस हवं.

"बाबा!" मी ओरडले. "थांबा. काम आहे."

तो थांबला.

"हे सगळं सामान चाललंय. ड्रायव्हर परका. बरोबर घरचं कुणीतरी हवं. तुम्ही जाल?"

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला रडूच आलं. "जाईन की! अगं, आधी नाही का सांगायचं?"

तो घरातून तरातरा पुढच्या दाराशी गेला, कंटेनरवर चढला आणि माझी गाठ बघून चुकचुकला. ती सोडली, नीट बांधली. मग स्वेटर काढला, घडी घातली, खुर्चीत ठेवला. "जेवायला माझी वाट बघू नका," म्हणाला आणि खाली उतरला.

ड्रायव्हरने जाळी ओढली, साखळ्या अडकवल्या. कंटेनर करकरत वर उचलला गेला. लॉरी धुक्यात कोपऱ्यावर वळली.

"मीनल," माझ्या शेजारून शैलेंद्र म्हणाला. नुसत्या शर्टात तो कुडकुडत होता. "काय थंडी आहे! मी बाहेर काय करतोय?" आणि त्याने माझा हात धरला. मी तो दुपारपर्यंत सोडला नाही.

सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि जीव तुटलाही. त्या माणसाला या घरात पहिल्यांदा कुणी काम सांगितलं, ते घरातून जाण्याचं. आणि तो किती आनंदाने गेला.

शनिवारी सकाळी शैलेंद्र वर घोरत होता, त्याच्या स्वतःच्या बेसूर पट्टीत. मी चहा टाकला. उकळी आली.

मागच्या दाराबाहेर दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

दाराच्या काचेत कुणीच नव्हतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण खरं सांगते, नवल वाटलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ज्याला काम सांगितलं, तो ते झाल्याचं सांगायला परत येणारच.

मी पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.

"आलात बाबा? सामान नीट पोचलं ना?" मी मागे न बघता म्हणाले. "दाराशी कुंडीतला गवती चहा फार माजलाय. तेवढा छाटता का?"

मग दाराबाहेर कात्री चालायला लागली. गुरुवारी मी माझ्या हाताने कंटेनरमध्ये टाकली होती, तीच.