धुऊ नका, तशीच शिवा

शेळगावात तिला वाकळ म्हणतात. पण मोबाइलवरच्या पेजवर वाकळ म्हणून ठेवली असती, तर पुण्या-मुंबईचं एक माणूस तिकडं फिरकलं नसतं. म्हणून उत्कर्षानं तिचं नाव गोधडी ठेवलं, आणि मग काय, कुठून कुठून पार्सलं यायला लागली. तुमच्या आईची, आजीची जुनी साडी पाठवा, आम्ही तिची गोधडी शिवून परत देतो, एवढाच तो धंदा. उत्कर्षा राहायची बारामतीला, जळोचीत. ऑर्डरी घेणं, फोटो टाकणं, पार्सल बांधणं हे तिच्याकडं आणि तिची नणंद स्वरूपा हिच्याकडं. शिवणाऱ्या बायका शेळगावच्या, त्यांच्यातल्या थोरल्या अक्काबाईच्या पडवीत बसून शिवायच्या.

"चिंध्या विकून बंगला बांधणार हायस का?" असं नवरा सुरुवातीला हसला होता. आता तोच कामावरून येताना दोऱ्याची रिळं घेऊन यायचा. बंगला काही झाला नाही, पण उसाच्या खुरपणीला जाऊन कंबर मोडून घेणाऱ्या बायकांना सावलीतलं काम मिळालं होतं, आणि कुणाला तरी आपली गेलेली आई अंगावर पांघरायला मिळत होती. उत्कर्षाला त्याचा अभिमान होता. का नसावा?

अशात अंजलीची साडी आली. अंजली मूळची इंदापूरची, आता हैदराबादला बँकेत. पिशवीबरोबर तिचा आवाजातला निरोप होता. "ताई, एक विनंती आहे. साडी धुऊ नका, तशीच शिवा. आई दवाखान्यात गेली तेव्हा हीच नेसली होती. आईचा वास आहे तिच्यात. मोगऱ्याचं तेल लावायची ती." प्लास्टिकच्या पिशवीला करकचून गाठ मारलेली होती. उत्कर्षानं ती न सोडता पिशवी तशीच शेळगावला नेऊन अक्काबाईच्या हातात दिली.

"अक्का, ही धुवायची न्हाय बरं का. तशीच शिवायची."

"बरं," अक्काबाई म्हणाली.

आता, अक्काबाईचं 'बरं' म्हणजे ऐकलं, मानलं नव्हे, हे उत्कर्षाला एव्हाना कळायला पाहिजे होतं. आणि का धुवायची नाही, हे तर तिनं सांगितलंच नाही. घाईत होती. गाडीसुद्धा बंद केली नव्हती बाईनं.

गोधडी तयार झाल्याचा फोन आला तशी ती आणायला गेली. बाजेवर उन्हात गोधडी पसरली होती. काय सुरेख काम! सारखे टाके, कडेला साडीचेच काठ. उत्कर्षानं कौतुकानं ती उचलून नाकाशी नेली. रिठ्याचा वास येत होता. रिठ्याचा आणि उन्हाचा.

"अक्का, धुतली ही?"

"मग? गेल्या माणसाचं कापड हाय. पाण्यातनं काढल्याबिगर त्याला सुई लावायची नसती. माज्या आईचं आसंच केलं, सासूचं आसंच केलं. ही परक्याची आई म्हून तिला तशीच मळकी ठिवू व्हय?"

"आवं, मी सांगितलं हुतं न्हवं!"

"सांगितलंस. मला वाटलं, रंग जाईल म्हून सांगतीस. म्हून तर साबण न्हाय लावला. गार पाण्यात रिठ्यानं धुतली, हलक्या हातानं."

उत्कर्षानं मग तिला खरं कारण सांगितलं. अक्काबाई ऐकता ऐकता बाजेच्या कडेवर बसली. बराच वेळ गोधडीवरून हात फिरवत राहिली.

"आगं बया," ती हळूच म्हणाली, "मी त्या लेकीची आईच पाण्यात सोडली की गं."

उत्कर्षा गोधडी घेऊन जळोचीला आली. डोळ्यांपुढं सगळं दिसत होतं. अंजली तळतळून पेजवर लिहिणार, चार लोक वाचणार, साड्या यायच्या बंद होणार. कुणी आपल्या आईची साडी असल्या हातांत देईल? आणि पडवीतल्या बायका परत खुरपं घेऊन उसात. स्वरूपानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून मोगऱ्याच्या तेलाची बाटली काढली.

"वहिनी, त्या बाईनं सांगितलं होतं ना, आई मोगऱ्याचं तेल लावायची म्हणून? लाव थोडं काठाला. तिला वास मिळाला की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि कळलं म्हणजे?"

"कोण सांगणार आहे? उलट तिला बरंच वाटेल. भलंच होईल तिचं."

उत्कर्षानं बाटली घेतली. झाकण फिरवलं. बोटावर थेंबही घेतला, खोटं कशाला बोलायचं? पण तो थेंब गोधडीला लावायला तिचा हात काही पुढं होईना. ती पोरगी रोज रात्री दुकानातल्या तेलात तोंड खुपसून त्याला आई म्हणणार. जन्मभर म्हणणार. उत्कर्षानं बोट पदराला पुसलं.

"नाही गं बाई. धंदा बुडाला तर बुडू दे. हे माझ्याच्यानं नाही व्हायचं."

रविवारी दुपारी ती परत शेळगावला गेली, कारण अक्काबाईनंच बजावलं होतं, "माज्यासमोर फोन लाव. चूक माज्या हातची हाय." पडवीत दोघीच होत्या. उत्कर्षानं स्पीकर लावला आणि काही न झाकता सांगून टाकलं. साडी धुतली गेली, का धुवायची नाही ते मी बाईंना सांगितलं नव्हतं, दोष माझा आहे.

 

"ताई," अंजली म्हणाली, "मी ती पिशवी एकदाही उघडली नव्हती."

"म्हणजे?"

"उघडली तर वास उडून जाईल ना. आई गेली त्या दिवशी गाठ मारली ती मारली. वर्षभर कपाटात होती. नुसता हात लावून बघायचे. म्हटलं, गोधडी आली की एकदाच अंगावर घेईन आणि तेव्हा..." तिला पुढं बोलवेना. मग तिचा आवाज चढला. "आम्ही आई जपतो असं लिहिता तुम्ही पेजवर! हे जपणं?"

"चुकलं," उत्कर्षा म्हणाली. पैसे परत देते, दुसरी गोधडी शिवून देते, हे सगळं तिनं येताना गाडीवर मनात घोकलं होतं.  ते आता कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मग अंजलीनंच विचारलं, "गाठ कुणी सोडली?"

"अक्काबाईंनी. इथंच बसल्यात."

"द्या त्यांना."

अक्काबाईनं हात पदराला पुसून फोन घेतला. "लेकी, माज्या हातनं पाप घडलं. काय बोलायचं ती बोल मला."

"आजी, ते राहू दे. तुम्ही गाठ सोडली तेव्हा वास आला होता?"

"आला की."

"कसा होता?"

अक्काबाई उत्कर्षाकडं बघायला लागली. 

"शिजल्या डाळ-तांदळाचा," अक्काबाई म्हणाली. "घरच्या पातेल्यातला न्हाय. लगनाकार्यात मोठालं पातेलं चढवत्यात न्हाय का, तसला."

"शाळेत खिचडी शिजवायची आई," अंजली म्हणाली. "पोरांची."

"मग त्योच. आन पदराला बामाचा वास हुता. डोस्कं दुकायचं का गं तिचं?"

"हो. पदर गच्च बांधायची डोक्याला."

"आन..." अक्काबाई घुटमळली. "सांगू का नगं?"

"सांगा ना आजी."

"निऱ्या खोचत्यात तितं, आतल्या अंगाला, मशेरीचा वास हुता. पुडी खोचत आसंल कंबरंला. आमच्या आत्याबाई तशीच खोचायच्या."

 मग अंजली एकदम म्हणाली, "मशेरी? सोडली म्हणाली होती मला! माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती तिनं!"

"कुटली सोडती, बाय. आसल्या शपता आमी लई खातो."

अंजली हसली. हसता हसता तिचा बांध फुटला, आणि ती अशी रडायला लागली की उत्कर्षाला तिथं बसवेना. पण ती बसून राहिली. अक्काबाई गप्प हो म्हणाली नाही. "रड लेकी, रड," एवढंच म्हणत राहिली, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचेही डोळे पुसत राहिली.

रडं ओसरल्यावर अंजलीनं नाक ओढलं.

"आजी, अजून काय काय होतं?"

अक्काबाईनं डोळे मिटले आणि ती आठवायला लागली.